हजार माणसांची वर्गणी

(सिकंदराबाद येथे ३० एप्रिल २०२५ रोजी, मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या रक्तदान शिबिराच्या आदल्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या एक मे. दरवर्षीप्रमाणे महाराष्ट्र गीत होईल, भाषणे होतील, श्रीखंड-पुरी होईल आणि हॉलमागच्या खोलीत रक्तदानाच्या खाटा लागतील. श्रीखंडाची रांग नेहमीच मागच्या खोलीतल्या रांगेपेक्षा लांब असते. ही तक्रार नव्हे. आमच्यापैकी एक जण कित्येक वर्षे त्याच लांब रांगेत उभा असायचा.

यंदा कार्यकारिणीने आम्हा दोघांना बोलायला सांगितले. आम्ही डॉक्टर नाही. एकाची नोकरी रेल निलयममध्ये हिशेब तपासण्यात गेली, दुसरीची रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून. आज सांगणार आहोत ते गेल्या जानेवारीत घरच्या माणसाच्या उशाशी बसून शिकलो ते. जिथे कळले नाही तिथे जाणकारांना विचारून घेतले आहे. तरी उपचार ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत, हे आधीच सांगून ठेवतो.

पुण्यात जानेवारीत जीबीएसची साथ आली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. गुलियन बॅरे सिंड्रोम हे तिचे पूर्ण नाव. हा आजार नवा नाही. १९१६ मध्ये गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले होते. एरवी लाखात वर्षाला एखाद-दोन जणांना होणारा हा आजार पुण्यात काही आठवड्यांत दोनशेच्या वर संशयित रुग्णांपर्यंत पोचला. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, नांदेड ही नावे रोज वर्तमानपत्रात येऊ लागली. आपल्याकडे नांदेड म्हटले की गोदावरीकाठचे नांदेड डोळ्यांपुढे येते. हे नांदेड पुण्याजवळचे गाव. त्या पट्ट्यातल्या पाण्याकडे संशय गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. केंद्राचे तज्ज्ञ पथक आले. या साथीत मृत्यूही झाले.

आमचा भाचा धायरीला राहतो. वय चौतीस, वजन पासष्ट किलो, रोज पहाटे सायकल चालवणारा मुलगा. जानेवारीच्या मध्याला त्याला जुलाब झाले, तीन दिवसांत थांबले. पुढच्या आठवड्यात पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग चालताना पायातली चप्पल निसटायला लागली. ती निसटलेली त्याला कळायचीही नाही. जवळच्या एका दवाखान्यात सांगितले, जुलाबाने अशक्तपणा आला आहे, ताकदीचे इंजेक्शन घ्या, विश्रांती घ्या. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला खुर्चीवरून उठता येईना.

रात्री त्याच्या आईचा फोन आला. "वहिनी, दवाखान्यात ठेवलंय. नसांचा आजार म्हणतात. रोज पाच बाटल्या, पाच दिवस. एकूण सव्वीस बाटल्या लागतील म्हणाले. तू रक्तपेढीत होतीस ना? हे कसलं औषध गं? रक्त आहे का?"

आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारची शताब्दी धरली. वाटेत, वाडीच्या आसपास, रेल्वेच्या हिशेबनिसाने कागद-पेन काढले. पंचवीस बाटल्या कळतात, ही सव्विसावी कुठून आली, हा त्याचा पहिला प्रश्न. तो हिशेब सोपा निघाला. या आजारात हे औषध दर किलो वजनामागे रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस देतात. पासष्ट किलोच्या माणसाला दिवसाला २६ ग्रॅम, पाच दिवसांचे १३० ग्रॅम. बाटली पाच ग्रॅमची. म्हणून सव्वीस. त्या दिवसांत बातम्यांत एका इंजेक्शनची किंमत २०,००० रुपयांच्या घरात दिलेली असायची. बाटली किती ग्रॅमची, कंपनी कोणती, यावर भाव बदलतो. पण कसाही धरला तरी आकडा मध्यमवर्गीय घराला हलवणारा होता.

सरकारने तेव्हा पुणे महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात आणि पिंपरी-चिंचवडच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात मोफत उपचार जाहीर केले. ग्रामीण भागातल्या रुग्णांसाठी ससूनमध्ये सोय केली. आमचा भाचा त्याआधीच एका खासगी दवाखान्यात दाखल झाला होता आणि त्या अवस्थेत त्याला हलवू नये असे ठरले. मग पैसे जमवले. मामाने दिले, काकाने दिले, त्याच्या ऑफिसातल्या मुलांनी दिले, सायकलवाल्या मित्रांनी दिले. दोन दिवसांत वर्गणी जमली. पण नुसत्या पैशांनी बाटली भरत नाही, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले. त्या दिवशी दवाखान्याच्या दुकानात औषध शिल्लक नव्हते. एका घाऊक विक्रेत्याकडून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून पाच बाटल्या संध्याकाळी आल्या, तोवर त्याची आई दाराकडेच बघत होती.

आता या बाटलीत काय असते ते सांगतो.

आपल्या रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की जो फिकट पिवळा द्रव उरतो तो प्लाझ्मा. त्यात इम्युनोग्लोब्युलिन नावाची प्रथिने असतात. यांनाच आपण प्रतिपिंडे म्हणतो. लहानपणी कांजिण्या झाल्या, लस टोचली, गावचे पाणी बाधले, अशा प्रत्येक प्रसंगाची आठवण शरीर या प्रतिपिंडांच्या रूपाने ठेवते. हजारो निरोगी माणसांच्या प्लाझ्मातून ही प्रतिपिंडे वेगळी काढून, शुद्ध करून बाटलीत भरतात आणि शिरेतून हळूहळू देतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला आयव्हीआयजी म्हणतात.

आता प्रश्न असा की, आमच्या भाच्याकडे प्रतिपिंडे कमी होती का? नव्हती. उलट त्याची स्वतःची प्रतिपिंडेच त्याच्यावर उलटली होती. कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावरची साखरेची काही रचना आणि आपल्या मज्जातंतूंवरची रचना यांत साम्य असते. जंतूला मारायला तयार झालेली फौज त्या साम्याने फसते आणि आपल्याच नसांवर तुटून पडते. विजेच्या तारेवरचे आवरण कुरतडले जावे तसे होते. मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही. पायांपासून सुरू झालेला लुळेपणा वर चढत जातो. छातीच्या स्नायूंपर्यंत पोचला तर श्वास अडकतो. साधारण चार-पाच रुग्णांत एकाला कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागते.

अशा वेळी बाहेरून हजारो माणसांची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात आली की काही गोष्टी घडतात. उलटलेल्या प्रतिपिंडांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे त्यांत असतात. हल्ला करणाऱ्या पेशींच्या ज्या जागा सक्रिय होतात, त्या अडवल्या जातात. शरीर जादा प्रतिपिंडांचा निचरा वेगाने करू लागते, त्यात वाईटही निघून जातात. गल्लीत भांडण पेटले असता शेजारपाजारचे शंभर शांत लोक मधे येऊन उभे राहावेत, तसे काहीसे.

या उपचाराचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एडविन कोन यांनी थंड अल्कोहोल वापरून प्लाझ्मातली प्रथिने वेगवेगळी काढण्याची पद्धत बसवली. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन या लष्करी डॉक्टरांकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता, त्याला पुन्हा पुन्हा गंभीर संसर्ग होत. तपासले तर त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नव्हतेच. ब्रूटन यांनी ते बाहेरून द्यायला सुरुवात केली आणि मुलगा सावरला. शिरेतून देण्याजोगे औषध त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल इम्बाख यांनी प्लेटलेट नष्ट होण्याच्या आजारात मुलांना ते दिले आणि प्लेटलेट झपाट्याने वाढल्या. कमतरता भरून काढणारे औषध बिघडलेली प्रतिकारशक्ती शांतही करते, हे तेव्हा लक्षात आले. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात ते जीबीएसमध्ये उपयोगी ठरले. रक्तातला प्लाझ्मा यंत्राने बदलण्याचा जो दुसरा उपचार आहे, त्याच्या तोडीचे. पुण्यातही दोन्ही उपचार वापरले गेले.

भाच्याच्या खोलीत रोज एक साधी परीक्षा व्हायची. डॉक्टर म्हणत, मोठा श्वास घ्या आणि एका दमात एक-दोन-तीन मोजा. पहिल्या दिवशी तो बावीसपर्यंत गेला होता. आम्ही पोचलो त्या रात्री सतरा. दुसऱ्या दिवशी चौदा. त्याची आई भिंतीकडे तोंड करून त्याच्याबरोबर मनात मोजायची. औषध चालू होते, तरी आकडा खाली जात होता. आम्ही घाबरलो. डॉक्टरांनी सांगितले, औषध लगेच चालायला लावणार नाही. ते हल्ला थांबवते. कुरतडलेली आवरणे पुन्हा भरायला शरीराला आठवडे, कधी महिने लागतात. चौथ्या दिवशीही चौदा. पाचव्या दिवशी पंधरा. एका आकड्याने माणसाला एवढा आनंद होऊ शकतो, हे आम्ही साठी उलटल्यावर शिकलो.

मार्चमध्ये तो वॉकर घेऊन चालू लागला. आज काठी आहे. सायकल अजून भिंतीला टेकलेली आहे, पण तिची साखळी त्याने परवा स्वतः पुसली.

त्या रात्रींत आमच्यापैकी रक्तपेढीत काम केलेलीला एक गोष्ट बोचत राहिली. तीस वर्षे तिने रक्ताच्या पिशव्या फिरवून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे केले. लाल पेशींना सतत मागणी. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यांची ओढाताण. प्लाझ्माच्या पिवळ्या पिशव्या मात्र उणे तीस अंशाच्या कपाटात साठत जायच्या. सुरुवातीच्या काळात जादा प्लाझ्मा मुदत संपली की नष्ट करायचा. तशी नोंद करून सही करायची. पुढे तो औषध कारखान्यांना द्यायची व्यवस्था झाली, शीतगाडी यायची, पिशव्या मोजून द्यायच्या आणि पुन्हा सही. ती गाडी कुठे जाते, याचा विचार तिने एकदाही केला नव्हता. धायरीच्या पोराच्या हाताला लावलेल्या नळीतून थेंब पडताना पाहिला, तेव्हा तिला त्या गाडीचा मुक्काम कळला.

हिशेबनिसाने मग दुसरा हिशेब मांडला. एक लिटर प्लाझ्मातून साधारण चार ग्रॅम औषध निघते. १३० ग्रॅमला झाले सुमारे बत्तीस लिटर. रक्तदानाच्या एका पिशवीतून सरासरी २०० मिलीलिटर प्लाझ्मा धरा. लिटरला पाच माणसे. बत्तीस लिटरला एकशे साठ. या हॉलमध्ये आज दीडशे खुर्च्या मांडल्या आहेत. त्या सगळ्या भरल्या आणि दाराशी दहा जण उभे राहिले, की एका माणसाच्या पाच दिवसांच्या उपचाराचा कच्चा माल झाला.

प्रत्यक्षात ते एकशे साठ वेगळे ओळखता येत नाहीत. कारखान्यात किमान हजार, बहुधा कित्येक हजार दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करूनच औषध बनवतात, कारण जितकी माणसे जास्त तितकी प्रतिपिंडांची विविधता जास्त. आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखेच ते. कोणाच्या शंभर रुपयांतून हार आला आणि कोणाच्या पन्नासातून मोदक, हे कोणी विचारत नाही. पेटीत पडले की ते मंडळाचे.

आम्हाला तिथे एका नातेवाइकाने विचारले, "आमचंच रक्त घ्या आणि त्याचं औषध करून त्याला द्या ना!" भावना खरी होती, पण तसे होत नाही. रक्तदानापासून बाटली दुकानात येईपर्यंत सात महिने ते वर्ष लागते. प्रत्येक दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क यांसारख्या आजारांसाठी तपासणी होते. मग प्रथिने वेगळी करणे, विषाणू निष्क्रिय करण्याच्या एकाहून अधिक पायऱ्या, गाळणे, प्रत्येक तुकडीची चाचणी. म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये भाच्याच्या हाताला लावलेली बाटली कोणीतरी २०२४ च्या उन्हाळ्यात किंवा त्याआधीच भरून ठेवली होती. तेव्हा हा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल दामटत होता. देणाऱ्याला घेणारा माहीत नव्हता, आणि घेणारा अजून आजारीही पडला नव्हता.

कोणी म्हणेल, कोविडमध्येही प्लाझ्मा द्यायचे, त्याचे पुढे काय झाले? रास्त प्रश्न आहे. तेव्हा बऱ्या झालेल्या रुग्णाचा प्लाझ्मा जसाच्या तसा दिला जात होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही आणि मे २०२१ मध्ये तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. आयव्हीआयजी हे त्याहून वेगळे, शुद्ध केलेले औषध आहे. पण धडा दोन्हीकडे एकच. रक्तातून आले म्हणून कोणतेही औषध सगळ्यांना लागू पडत नाही.

म्हणून हे औषध कुठे चालते ते सांगतो. जन्मतःच प्रतिपिंडे न बनणाऱ्या मुलांना ते आयुष्यभर लागते. ही बाळे पहिले काही महिने आईकडून आलेल्या प्रतिपिंडांवर ठीक असतात, मग न्यूमोनिया, कानाचे पू, जुलाब यांची रांग लागते. वीस किलोच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी आठ-दहा ग्रॅम. म्हणजे आपल्या हिशेबाने दर खेपेला दहा-बारा रक्तदाते, तेही न चुकता, कारण ही प्रतिपिंडे शरीरात तीन आठवड्यांत निम्मी होतात. लहान मुलांच्या कावासाकी आजारात पहिल्या दहा दिवसांत हे औषध दिले तर हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगण्याचा धोका सुमारे चार मुलांत एकावरून वीस-पंचवीस मुलांत एकावर येतो. पाच दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, लाल फुटलेले ओठ, अंगावर पुरळ, सुजलेले हात-पाय असे मूल असेल तर 'व्हायरल असेल' म्हणून थांबू नका. प्लेटलेट नष्ट होण्याचा आजार आणि नसांचे व स्नायूंचे काही आजार यांतही ते वापरतात.

आणि कुठे चालत नाही तेही. थकवा, वारंवार होणारी साधी सर्दी, 'प्रतिकारशक्ती वाढवायची आहे', यासाठी ते नाही. जीबीएसमध्येही ज्याला आधाराशिवाय चालता येते अशा सौम्य रुग्णाला डॉक्टर कधी नुसते देखरेखीखाली ठेवतात. पण ज्याला हवे त्याला ते पहिल्या दोन आठवड्यांत मिळावे लागते. स्टिरॉइडचा या आजारात फायदा होत नाही. आमचे दोन दिवस ताकदीच्या इंजेक्शनात गेले, तसे तुमचे जाऊ नयेत. जुलाब किंवा तापानंतर एक-तीन आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या, पायऱ्या चढताना पाय वाकणे, चप्पल निसटणे, चेहरा ओढल्यासारखा होणे, गिळताना ठसका लागणे, यांतले काही दिसले तर नसांच्या तज्ज्ञाची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी जा.

औषध चालू असताना घरच्यांनी काय पाहावे? रुग्णाचे वजन त्याच दिवशी मोजून घ्यायला सांगावे, कारण सगळा हिशेब वजनावर आहे. औषध बाहेरून आणायचे झाले तर बिल घेऊन, बर्फाच्या डब्यात आणावे, पण गोठू देऊ नये. बाटली घुसळू नये, फेस होतो. सुरुवातीला थेंब फार सावकाश सोडतात. थंडी, ताप, डोकेदुखी, छातीत दडपण, अंगावर गांधी उठल्या तर लगेच परिचारिकेला सांगावे. अनेकदा वेग कमी केला की त्रास थांबतो. मूत्रपिंडाचा, हृदयाचा, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आधी झाला असेल तर तो डॉक्टरांना आठवणीने सांगावा. प्रत्येक बाटलीवरचा तुकडी क्रमांक कागदपत्रांत लावून ठेवावा. आणि लहान मुलाला हे औषध दिले असेल तर गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी कित्येक महिने पुढे ढकलाव्या लागतात, म्हणून लसीकरणाच्या कार्डावर नोंद करून घ्यावी.

खर्चाबाबत एवढेच सांगतो, पैसे भरण्याआधी विचारा. आपल्याकडे आरोग्यश्रीच्या मदत कक्षात, महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कक्षात विचारा. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांसाठी केंद्राचे २०२१ चे दुर्मीळ आजार धोरण आहे. त्याखाली निवडलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम आहे आणि आपल्या हैदराबादचे निम्सही आहे. नात्यातल्या किंवा ओळखीच्या एखाद्या घरात मूल सारखे आजारी पडत असेल तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचवा.

आता उद्याचे.

आपल्या देशात १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या प्लाझ्माचा मोठा वाटा अमेरिकेतून येतो, तिथे प्लाझ्मा देणाऱ्याला मोबदला मिळतो. आपल्याकडे मात्र प्रत्येक थेंब दान आहे. कारखाना उभारता येतो, यंत्रे आणता येतात, पण प्रतिपिंडे यंत्रात तयार होत नाहीत. ती माणसाच्याच अंगात तयार होतात.

वय अठरा ते पासष्ट, वजन पंचेचाळीस किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा किंवा अधिक, एवढे असेल तर उद्या या. पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येते. पोटभर खाऊन, पाणी पिऊन या. गोळ्या चालू असतील तर लपवू नका, आजाराविषयी विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे द्या. हजारो पिशव्या एकत्र होतात, तिथे एकाचे खोटे सगळ्यांना महाग पडू शकते. घटक वेगळे करायची सोय असलेलीच रक्तपेढी बोलवावी, अशी विनंती आम्ही कार्यकारिणीला केली आणि त्यांनी ती मानली. रक्त घेतल्यापासून काही तासांत ते वेगळे केले तरच प्लाझ्माचा पूर्ण उपयोग होतो. म्हणून उद्या रक्तपेढीची पहिली गाडी बारालाच निघणार आहे, श्रीखंड संपेपर्यंत थांबणार नाही.

आणखी एक सूचना. एक मे, गणपती, पंधरा ऑगस्ट या दिवशी शिबिरांची गर्दी होते आणि मधल्या महिन्यांत, विशेषतः उन्हाळ्यात, रक्तपेढ्यांची कपाटे ओस पडतात. आपल्या मंडळाने वर्षातून एकदाच देण्याऐवजी दर तीन महिन्यांनी पंधरा-वीस जणांची यादी करावी. मारेडपल्लीचे एका तिमाहीत, तारनाक्याचे दुसऱ्या, असे वाटून घेता येईल. यादी ठेवायचे काम हिशेबनीस करायला तयार आहे.

आमचा भाचा या वर्षी रक्त देऊ शकणार नाही. त्याच्या आईने वयाची मर्यादा ओलांडली आहे. आमच्यापैकी एकाची अजून दोन वर्षे बाकी आहेत, आणि तो उद्या श्रीखंडाच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहणार आहे, कारण त्याआधी त्याला मागच्या खोलीत जायचे आहे.

उद्या दिलेल्या प्लाझ्माची बाटली पुढच्या जानेवारीच्या सुमाराला भरली जाईल. ती ज्याला लागेल तो माणूस आज कुठेतरी धडधाकट आहे, संध्याकाळचा चहा घेत असेल. त्याला आपले नाव कळणार नाही, आपल्यालाही त्याचे कळणार नाही. आपली वर्गणी मात्र वेळेवर पोचलेली असू द्या.

गणपती बाप्पा मोरया.